कृ. मा. प.

ज्या काळी घरातील दूरध्वनी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, विणलेल्या रुमालाखाली विराजमान असे, त्या काळी शेजारच्या भिंतीवर एस. टी. डी. संकेतांकांची एक यादी बहुतेक घरांतून चिकटवलेली दिसे. आमच्या इंदूरच्या घरातील यादीत मुंबई ०२२, दिल्ली ०११, इंदूर ०७३१, उज्जैन ०७३४, बेळगाव ०८३१, देवास ०७२७२, महू ०७३२४ असे आकडे होते. आरंभीचे शून्य सर्वांना समान. ते वगळले तर मुंबईस दोन अंक, इंदुरास तीन आणि देवासास चार. शाळेत मी गणित शिकवीत असे, तेव्हा मुली हटकून विचारीत, "बाई, देवास तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. मग त्याला एवढे अंक का, आणि मुंबईला इतके थोडे का?"

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तरही सोपे होते. मुंबईस फोन करणारे पुष्कळ, देवासास करणारे थोडे. जे वारंवार फिरवावे लागते ते आखूड असावे, म्हणजे सर्वांचा मिळून वेळ वाचतो. शिवाय मोठ्या शहरात दूरध्वनी अधिक, म्हणून तेथील स्थानिक क्रमांकास अंक अधिक लागत. संकेतांक आखूड ठेवला की तेवढी जागा मोकळी होई. पुण्याचा संकेतांक पूर्वी ०२१२ होता, तो पुढे ०२० झाला, ह्याचे मर्म हेच. गाव वाढले आणि त्याचा आकडा आखडला.

परंतु ह्या यादीत आणखी एक शिस्त होती, आणि ती सहसा कोणाच्या ध्यानात येत नसे. मुंबईचा संकेतांक २२ म्हटल्यावर देशातील दुसऱ्या कोणत्याही गावाचा संकेतांक २२ ने सुरू होत नसे. इंदुरास ७३१ दिल्यावर ७३१५ किंवा ७३१८ असे कोणा खेड्यास देता येत नसे. महूला ७३२४ मिळाला तो ह्याचसाठी. ही शिस्त नसती तर यंत्राने ७३१ ऐकल्यावर करावे काय? येथेच थांबावे की आणखी एका अंकाची वाट पाहावी? माणूस मध्ये श्वास घेतो, स्वल्पविराम देतो, शब्दाशब्दांत अंतर ठेवतो. यंत्राला मात्र अंकांमागून अंक येत राहतात, आणि एक संख्या कोठे संपली व दुसरी कोठे सुरू झाली हे त्या अंकांवरूनच ओळखावे लागते. आखूड आणि लांब संख्या एकाच ओळीत नांदवायच्या असतील तर हा प्रश्न सुटल्यावाचून गत्यंतर नाही.

ही सगळी उजळणी करण्याचे कारण माझी नात. ती बंगळूर येथे माहिती आवळून साठवणारे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करते. आपण फाइल 'झिप' करतो म्हणतो, त्याच्या पोटात जे चालते ते तिचे क्षेत्र. दिवाळीला ती घरी आली असता मी तिला विचारले, "तू दिवसभर तिथे नेमके करतेस तरी काय?" ती हसून म्हणाली, "आजी, लहान आकडे लहान जागेत लिहायचे आणि मोठे आकडे मोठ्या जागेत. बस, एवढंच." मी म्हटले, "एवढ्यासाठी तुला पगार देतात?" त्यावर ती म्हणाली, "देतात, कारण परत वाचताना एकही आकडा चुकून चालत नाही." मग तिने वहीचे पान काढले आणि आम्ही दोघी बसलो. तेथे जे समजले ते वाचकांसमोर ठेवावे असे वाटले; कारण त्यात गणित आहे तसेच आपल्यासारख्या, मूळ प्रांतापासून दूर वसलेल्या माणसांचेही काही आहे.

संगणकाच्या पोटात जे काही आहे ते सारे आकड्यांच्या रूपाने. आठ दिव्यांची एक ओळ कल्पावी. प्रत्येक दिवा लागलेला किंवा विझलेला. ह्या आठ दिव्यांच्या ओळीस बाइट म्हणतात, आणि तीत ० ते २५५ अशा २५६ संख्या मांडता येतात. ह्याहून मोठी संख्या हवी असेल तर अधिक बाइट घ्यावे लागतात. जुनी सरळ रीत अशी की, सर्वांत मोठ्या संख्येस किती बाइट लागतील हे आधीच ठरवावे आणि प्रत्येक संख्येस, ती लहान असो वा मोठी, तेवढीच जागा द्यावी. चार बाइट दिले तर सुमारे ४२९ कोटींपर्यंत मोजता येते. आठ दिले तर त्याच्याही पलीकडे अफाट. मात्र मग पाच ह्या संख्येलाही आठ बाइट मिळतात आणि त्यांतील सात नुसते रिकामे बसून राहतात. पाहुणा एक आणि पंगत आठ पानांची, असा तो प्रकार.

आवळून ठेवण्याच्या कामात हा अपव्यय फारच जाणवतो. त्या कामाची एक मुख्य रीत १९७७ साली याकोब झिव आणि अब्राहम लेंपेल ह्या दोन शास्त्रज्ञांनी मांडली. आरतीच्या पुस्तकात धृपद एकदाच पूर्ण छापलेले असते आणि पुढे प्रत्येक कडव्याखाली नुसते 'धृ.' असते, हे आपण लहानपणापासून पाहतो. त्यांची रीत जातीने हीच. मजकुरात एखादा तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही; 'मागे इतकी अक्षरे जा आणि तेथून इतकी अक्षरे उचल' एवढी सूचना लिहायची. म्हणजे शब्दांच्या जागी संख्यांच्या जोड्या आल्या. ह्या संख्या बहुधा लहान असतात, क्वचित फार मोठ्या. जर प्रत्येकीस आठ बाइट दिले तर सूचना मूळ तुकड्याहून लांब होईल आणि आवळण्याचा हेतूच विफल होईल. म्हणून संख्या लिहिण्यातील काटकसर हा ह्या विद्येचा पायाच म्हणावा लागेल.

पुष्कळदा संख्या मुळात मोठ्या असतात, तेव्हा त्यांना लहान करण्याचीही युक्ती आहे. एखाद्या ग्रंथाच्या सूचीत एक शब्द १०००, १००३, १०१० आणि १०१२ ह्या पानांवर आला आहे असे समजा. तेथे १०००, ३, ७, २ एवढेच लिहावे. म्हणजे पहिली संख्या पूर्ण आणि पुढे केवळ फरक. फरक लहान असतात आणि लहान संख्यांना थोडी जागा पुरते.

आता ती लहान-मोठी जागा द्यायची कशी? नातीने सांगितलेली रीत ऐकताच मला आमच्या तीर्थरूपांच्या पोस्टकार्डांची आठवण झाली. कार्डाची एक बाजू भरली आणि मजकूर उरला की ते उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहीत, 'कृ. मा. प.', म्हणजे कृपया मागे पाहावे. कोपऱ्यात ती तीन अक्षरे नसली की पत्र तेथेच संपले असे समजावे. यंत्राची रीत तंतोतंत अशीच आहे. बाइटमधील आठ दिव्यांपैकी सात दिवे संख्येसाठी ठेवायचे आणि आठवा दिवा 'कृ. मा. प.' साठी. तो लागलेला असेल तर पुढे आणखी आहे. विझलेला असेल तर संख्या येथे संपली.

सात दिव्यांत ० ते १२७ मावतात. म्हणून १२७ पर्यंतची कोणतीही संख्या एका बाइटात बसते. त्यापुढे १२८ चे गठ्ठे करावयाचे. आमच्या इंदूरच्या मुख्य टपाल कचेरीचा पिन कोड ४५२००१ घेऊन आम्ही दोघींनी हे करून पाहिले. त्यास १२८ ने भागले की बाकी ३३ राहते. भागाकारास पुन्हा १२८ ने भागले की बाकी ७५ राहते. आणि शेवटी २७ उरतात. पहिला बाइट ३३, पण पुढे आणखी आहे म्हणून आठवा दिवा लावायचा. त्या दिव्याचे मोल १२८, म्हणून तो झाला १६१. दुसरा ७५ अधिक १२८, म्हणजे २०३. तिसरा नुसता २७, कारण तो अखेरचा. १६१, २०३, २७ एवढ्या तीन बाइटांत आमचा पिन कोड बसला. उलगडताना उलट करावे: १२८ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की १२८ वजा करावेत आणि पुढे पाहावे, १२८ हून लहान दिसला की थांबावे. मग ३३, त्यात १२८ गुणिले ७५, त्यात १६,३८४ गुणिले २७ मिळवले की ४५२००१ जसेच्या तसे परत.

ह्यात लहान भाग आधी आणि मोठा भाग शेवटी येतो, ह्याचे कोणास नवल वाटेल. मराठी माणसास वाटू नये. आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी आणि वीस मागून येतात. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांतही शब्दांनी संख्या सांगताना एकम् स्थानापासून आरंभ करीत; 'अंकानां वामतो गतिः' हे वचन त्यातूनच आले.

'पुढे आणखी आहे' असे प्रत्येक पावलावर सांगत जाणे ही एक रीत झाली. दुसरी रीत अशी की, लांबी आधीच जाहीर करावी. अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठातील प्राध्यापक पीटर एलायस ह्यांनी १९७५ साली अशा रीतींचा पद्धतशीर विचार प्रसिद्ध केला. त्यांची एक साधी रीत पाहा. नऊ ही संख्या केवळ शून्य आणि एक वापरून लिहिली तर १००१ होते, म्हणजे चार अंक. तिच्याआधी चाराहून एक कमी, म्हणजे तीन शून्ये ठेवायची: ०००१००१. वाचणारा आधी शून्ये मोजतो आणि पुढे किती अंक घ्यायचे हे समजून घेतो. पाहुण्यांच्या बाबतीत आपल्याकडे ह्या दोन्ही तऱ्हा आहेत. काही जण 'आम्ही चौघे येत आहो' असे पत्राने कळवतात. काही जण दारात उभे राहून 'मागून आणखी एक जण येतो आहे' असे म्हणतात, आणि तो आला की तोही तेच म्हणतो.

ह्या दुसऱ्या तऱ्हेत एक धोका आहे, आणि तो कल्पनेतला नाही. एलझेडओ नावाची फाइल आवळण्याची एक पद्धत मार्कुस ओबरहुमर ह्यांनी १९९० च्या दशकात रचली. ती इतकी चपळ की पुढे लिनक्स ह्या कार्यप्रणालीच्या गाभ्यातही तिला स्थान मिळाले. तीत लांबी मोठी असेल तर शून्याचा एक बाइट लिहायचा. त्याचा अर्थ 'हिशेबात २५५ मिळवा आणि पुढे पाहा'. आता कोणी दुष्ट हेतूने अशी फाइल तयार केली की जीत शून्यांमागून शून्ये येतच राहतात, सुमारे १ कोटी ६८ लाख, तर काय होईल? चार बाइटांत मावणारी ४२९ कोटींची मर्यादा ओलांडली जाईल आणि मोटारीच्या मीटरचे आकडे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर यावेत तशी बेरीज फिरून लहान होईल. जागा पुरेशी आहे की नाही ह्याची तपासणी त्या खोट्या लहान आकड्यावर होईल, आणि मग परक्याच्या जागेत मजकूर लिहिला जाईल. हे छिद्र डॉन बेली ह्या तज्ज्ञाने २०१४ साली उघड केले. प्रत्यक्षात त्यापासून कितपत भय होते ह्याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले, परंतु छिद्र बुजवावे लागले हे खरे. आज शहाणा प्रोग्रामर आधीच मर्यादा घालतो. आठ बाइटांची संख्या सात-सात दिव्यांच्या तुकड्यांत लिहिली तर फार तर दहा बाइट लागतात. अकरावा पाहुणा दारात दिसला की यजमानाने दार लावून घ्यावे. नात म्हणाली, "आजी, लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, पण मोजत मोजत."

आणखी एक गंमत तिने दाखवली. आपल्या दृष्टीने उणे एक ही केवढीशी संख्या! परंतु यंत्राच्या नेहमीच्या लेखनपद्धतीत ऋण संख्येचे सर्व वरचे दिवे लागलेले असतात, त्यामुळे ती जणू महाप्रचंड संख्या दिसते आणि ह्या रीतीत तिला दहाच्या दहा बाइट मोजावे लागतात. ह्यावर उपाय असा काढला की, संख्यांची रांगच नव्याने लावायची: शून्यास शून्य, उणे एकास एक, अधिक एकास दोन, उणे दोनास तीन, अधिक दोनास चार. अशा नागमोडी रांगेत उणे एक पुन्हा एका बाइटात बसते. म्हणजे कोणाचे ओझे किती हे त्याच्या अंगच्या मोठेपणावर ठरत नाही. रांगेत त्याला कोठे उभे केले ह्यावर ठरते.

हे वाक्य वहीत लिहून होते न होते तोच माझ्या मनात आपल्या लिपीचा विचार आला. कारण संगणकात अक्षर हेही एक संख्याच असते. जगातील सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देण्याचे जे कार्य 'युनिकोड' ह्या नावाने चालते, त्यात इंग्रजी मोठ्या 'ए' चा क्रमांक ६५ आहे आणि आपल्या 'अ' चा २३०९. ह्या क्रमांकांना बाइटांत बसवण्याची आज सर्वत्र रूढ असलेली रीत, यूटीएफ-८, ही केन थॉम्पसन आणि रॉब पाइक ह्यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदी आच्छादनावर आखली. तीही कमी-अधिक लांबीचीच रीत आहे, आणि पत्र पाठवून 'आम्ही तिघे येत आहो' असे कळवणारी: पहिला बाइटच सांगतो की मागून किती येणार. १२७ पर्यंतच्या क्रमांकास एक बाइट, २०४७ पर्यंत दोन, ६५,५३५ पर्यंत तीन, आणि त्यापुढे चार.

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. देवनागरीचा क्रमांक २३०४ पासून सुरू होतो. दोन बाइटांचे दार २०४७ वर बंद झाले. ग्रीक, रशियन, हिब्रू आणि अरबी ह्यांची नित्याची अक्षरे त्या दाराच्या आत राहिली, आणि आपण अवघ्या २५७ क्रमांकांनी बाहेर पडलो. म्हणून आपल्या प्रत्येक अक्षरास, प्रत्येक मात्रेस आणि प्रत्येक अनुस्वारास तीन तीन बाइट लागतात. रोमन लिपीत 'इंदूर' लिहिले तर सहा अक्षरांचे सहा बाइट. देवनागरीत इ, अनुस्वार, द, ऊकार आणि र अशा पाच चिन्हांचे पंधरा. एस. टी. डी.च्या यादीत देवासाचे जे स्थान होते, तेच येथे आपल्या लिपीचे.

हे ऐकून मला प्रथम थोडा राग आला, हे लपवीत नाही. परप्रांतात तीन-चार पिढ्या काढलेल्या घरांना अशा गोष्टी लवकर टोचतात. परंतु नातीने विचारले, "तीन बाइट लागतात, पण एक तरी अक्षर गळतं का?" ह्या प्रश्नाने मला तीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. तेव्हा हे प्रश्न आमच्या घरात गणिताचे नव्हते.

माझे वडील १९९३ साली निवर्तले. आईस कुटुंबनिवृत्तिवेतन मिळायचे होते. एका कचेरीत त्याच सुमारास सर्व नोंदी संगणकावर चढवण्यात आल्या होत्या, आणि नावासाठी तेथे तीस चौकटी राखून ठेवलेल्या होत्या. कोणाचेही नाव असो, चौकटी तीसच. आमचे माहेरचे आडनाव सहस्रबुद्धे. आईचे नाव आणि वडिलांचे नाव, मधली रिकामी जागा धरून, रोमन लिपीत पंचवीस चौकटी खाऊन बसले. सव्विसावी चौकट रिकाम्या जागेची. आडनावासाठी उरल्या चार. एस, ए, एच, ए. तेथे यंत्राने लेखणी खाली ठेवली. 'सहस्र' होते त्याचे 'सहा' झाले. खिडकीवरील सज्जन गृहस्थाने आईकडे पाहून विचारले की, आपण बंगाली आहात काय? कारण 'साहा' हे बंगाल्यांचे आडनाव.

आज हे सांगताना हसू येते. तेव्हा येत नव्हते. बँकेच्या पुस्तकात पूर्ण आडनाव, त्या कचेरीच्या नोंदीत अर्धे. दोन कागदांवरील दोन बायका एकच आहेत हे कोणी मानावयास तयार नव्हते. सात महिने आईला पैसे मिळाले नाहीत. अखेर मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले की, 'सहा' आणि 'सहस्रबुद्धे' ह्या दोन्ही नावांनी ओळखली जाणारी व्यक्ती मीच होय. पंचावन्न वर्षे ज्या आडनावाने ती नांदली, ते आपलेच आहे असे तिने शपथेवर सांगितले. सही करताना तिने ते मराठीत, पूर्ण, सावकाश लिहिले, आणि कारकुनाने नको म्हटले तरी आडनावाखाली एक रेघ ओढली. पैशांपेक्षाही तिला ते अधिक लागले होते. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझं नाव मोठं असेल, पण ते मी कोणाला उचलायला सांगितलं नव्हतं."

त्या तीस चौकटी आखणाराच्या मनात आमच्याविषयी काही वाकडे होते असे मला वाटत नाही. त्याने आजूबाजूला पाहिले असेल, नावे मोजली असतील, आणि तीस पुरे आहेत असे ठरवले असेल. मध्य भारतातील बहुसंख्य लोक नाव आणि आडनाव एवढेच लावतात. मधोमध वडिलांचे किंवा पतीचे नाव घालण्याची रीत आपली. बहुतेकांना तीस चौकटी पुरून उरल्या. किंबहुना बहुतेकांच्या नावामागे दहा-पंधरा चौकटी रिकाम्या राहिल्या, आणि ती रिकामी जागा सर्वांनी मिळून वर्षानुवर्षे वाहिली. ठरीव मापाची ही दुहेरी हानी आहे: लहानांच्या घरी जागा ओस पडते आणि मोठ्याचे डोके उडते.

कमी-अधिक लांबीच्या रीतीत हे घडत नाही. तेथे नावाआधी त्याची लांबी संख्येने लिहितात, आणि ती संख्या लिहिण्याची रीत तीच, कृ. मा. प.ची. मी नातीला म्हटले, "तुझ्या पणजीचे नाव लिही पाहू. मराठीतच लिही." तिने ते टंकले. चिन्हे चौतीस, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि मधल्या दोन रिकाम्या जागांचे एकेक, एकंदर १०४. आता हा १०४ आकडा नावाआधी मांडावयाचा. १०४ हे १२७ हून लहान, म्हणजे त्यास एकच बाइट पुरतो. आठवा दिवा लावण्याचीही गरज नाही. एकशेचार बाइटांचे संपूर्ण मराठी नाव, काना-मात्रा-वेलांटीसह, आणि त्याची लांबी सांगण्याचा खर्च अवघा एक बाइट. ज्यांची नावे आखूड असतील त्यांचे तीस चौकटींतले जे वाचते, त्यात असा खर्च कितीतरी वेळा भागून जातो.

आणि तीन बाइटांची ती तक्रार? तिच्यावरही काही अंशी उतारा आहे. आपल्या प्रत्येक अक्षराच्या तीन बाइटांपैकी पहिला सर्व देवनागरीत एकच असतो, आणि दुसरा दोहोंपैकी एक. म्हणजे मराठी मजकूर हा यंत्राच्या दृष्टीने पुनरुक्तीने भरलेला, आणि पुनरुक्ती आवळणे हेच तर त्या विद्येचे काम. फाइल झिप केली की आपल्यावर चढलेल्या ओझ्याचा मोठा भाग गळून पडतो, आणि परत उलगडली की एक अनुस्वारही इकडचा तिकडे झालेला नसतो.

संक्षेप आणि काटछाट ह्यांत आपण नेहमी गल्लत करतो असे मला ह्या साऱ्यावरून वाटू लागले आहे. तारेच्या दिवसांत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून आपण मायेचे शब्द आधी गाळत असू. ती काटछाट होती, आणि गाळलेले पुन्हा कधी हाती येत नसे. संक्षेपात काहीच गाळावयाचे नसते. जे नित्याचे आहे त्याला थोडी जागा द्यावयाची, आणि जे क्वचित येते त्याच्यासाठी एक दिवा राखून ठेवावयाचा की, थांबा, हे अजून संपलेले नाही. नित्याचे कोणते आणि क्वचितचे कोणते, हे ठरवणारा कोठेतरी दूर बसलेला असतो, आणि त्याच्या मोजणीत आपण बहुधा थोडे असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांना हे नवीन नाही. थोडे असल्याबद्दल थोडी अधिक किंमत मोजावी लागली तर ती मोजता येते. आपली मुले शाळेत दोन भाषा शिकतात आणि घरी तिसरी बोलतात, हेही तसे तीन बाइटच झाले. मात्र नाव पूर्ण उमटले पाहिजे.

माझी नात आता दुसऱ्या एका मोठ्या कामावर गेली आहे. जाण्यापूर्वी तिने सांगितले की, आपले सॉफ्टवेअर बांधते व सोडवते ते बरोबर आहे की नाही हे पडताळण्यासाठी जे नमुने ठेवतात, त्यांत तिने एक मराठी नाव घातले आहे. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदल झाला की यंत्र ते नाव आवळते, पुन्हा उलगडते, आणि एकशेचारचे एकशेचार बाइट जुळले तरच पुढे जाते. ते कोणाचे नाव आहे हे तेथे कोणालाही ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही.